साधा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन) लिपिडच्या म्हणजे चरबीच्या प्रयोगाला चालतो? नाही, आणि का ते वाचा

नाशिकमधल्या बायोटेक-बायोकेमच्या एमएस्सीवाल्यांमध्ये एक मेसेज खूप फिरतोय. पेशींना पाल्मिटेट (एक फॅटी ॲसिड) द्यायचं असेल तर ते वाहून न्यायला महागडा फॅटी ॲसिड फ्री (चिकटलेलं फॅटी ॲसिड काढून टाकलेला) बीएसए नको, साध्या बाटलीवर ९८ टक्के शुद्ध लिहिलेलंच असतं, नाहीतरी मीडियातल्या (पेशी वाढवायच्या द्रावातल्या) एफबीएसमध्ये, म्हणजे वासराच्या गर्भाच्या सीरममध्ये, अल्ब्युमिन असतंच, आणि कंट्रोलला नुसता मीडिया पुरतो, असं त्यात म्हटलंय. यावर विसंबून पोरांचे अख्खे प्रोजेक्ट वाया जातात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते ९८ टक्के. तो आकडा बाकीची प्रोटीन किती कमी आहेत ते सांगतो, अल्ब्युमिनला चिकटून आलेलं फॅटी ॲसिड त्यात धरलेलंच नसतं. आणि ते चिकटून येणारच ना, रक्तातून फॅटी ॲसिड वाहून नेणं हे त्याचं कामच आहे, मानवी अल्ब्युमिनच्या क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये त्यासाठी ७ मुख्य जागा दिसल्यात. वर अल्ब्युमिन वेगळं करायच्या हीट शॉक पद्धतीत तर गरम करताना प्रोटीन टिकावं म्हणून कॅप्रिलेट मुद्दाम घालतात, म्हणजे ८ कार्बनचं फॅटी ॲसिडच.

आता एफबीएस, इथे जरा हिशोब करा. एफबीएसमध्ये अल्ब्युमिन साधारण २३ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे १० टक्के मीडियात २.३, आणि रेणूभार ६६ हजारच्या वर धरला तर झालं ३५ मायक्रोमोलरच्या आसपास. त्यात ५०० मायक्रोमोलर पाल्मिटेट टाकलंत तर एका अल्ब्युमिनमागे १४ रेणू! निरोगी माणसाच्या रक्तात हे प्रमाण एरवी १ च्या आसपास किंवा कमीच असतं, लांब उपवासात किंवा खूप व्यायामात वाढतं. मग उरलेलं पाल्मिटेट मोकळं राहतं नाहीतर खाली बसतं, आणि सोडियम पाल्मिटेट हा साबणच आहे, त्यानं पेशी मेल्या की आपण थिसिसमध्ये लिपोटॉक्सिसिटी (चरबीमुळे पेशींना होणारी इजा) लिहून मोकळे होतो. पाल्मिटिक ॲसिड ६३ डिग्रीला वितळतं, त्यामुळे निफाडचा पारा ५-६ वर येतो त्या दिवसांत तर ७० डिग्रीच्या वॉटरबाथमधून काढलेलं पाल्मिटेटचं स्टॉक (दाट मूळ द्रावण) बघता बघता पांढरं पडतं. बीएसए ३७ डिग्रीला ठेवा, गरम स्टॉक त्यात थोडं थोडं ढवळत घाला, गढूळ राहिलं तर पेशींवर टाकू नका, कारण डोस किती गेला हे कळणारच नाही.

कंट्रोलमध्ये तेवढाच बीएसए हवा, त्याच लॉटचा (बॅचचा), सोबत पाल्मिटेट विरघळवायला वापरलं तेवढंच इथेनॉल किंवा एनएओएच (कॉस्टिक सोडा). अल्ब्युमिन स्वतः पेशींतून फॅटी ॲसिड ओढून घेतं, लिपोलिसिस (पेशीतली चरबी फुटणं) मोजताना आपण ते त्यासाठीच तर घालतो. शिवाय काही लॉटमध्ये एन्डोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) असतं, मग पेशीवरचा दाह सुरू करणारा रिसेप्टर टीएलआर-४ त्यानं पेटतो आणि नाव पाल्मिटेटचं होतं.

पैशांची अडचण मात्र खरी आहे, छोट्या कॉलेजला फॅटी ॲसिड फ्रीची बाटली परवडत नाही हे मान्य. ब्रॅडफोर्डला (प्रोटीन किती ते मोजायची चाचणी), वेस्टर्न ब्लॉटच्या ब्लॉकिंगला साधा बीएसए म्हणजे फ्रॅक्शन फाइव्हच वापरा, काही बिघडत नाही. आणि लिपिडसाठी चेन यांची १९६७ ची चारकोल पद्धत आहे: बीएसएच्या निम्म्या वजनाचा ॲक्टिव्हेटेड चारकोल, पीएच ३, बर्फात तासभर ढवळायचं, सेंट्रिफ्यूज करून चारकोल काढायचा, पीएच परत ७ वर आणायचा. नंतर बारीक फिल्टर मारा, डायलिसिस करा आणि उरलेलं फॅटी ॲसिड किटनं मोजा. एन्डोटॉक्सिन यानं गेलंच असं धरू नका, ते वेगळं तपासा.