एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, जरा लांब झालंय

नमस्कार ताई, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाचा मालक लिहितोय. रिव्ह्यू काल रात्री वाचला, आधी राग आला, मग पुतण्याला विचारलं (त्या दिवशी काउंटरवर तोच होता) आणि मग राग त्याच्यावर निघाला.

तुमचं म्हणणं असं की लेकीचा बी.कॉम.चा फॉर्म आमच्याकडे भरला तेव्हा आम्ही म्हणालो पुणे विद्यापीठात सगळं शिकायला मिळतं, जपानीसुद्धा, आणि कॉलेज सुरू झाल्यावर कळलं जपानी नाहीच, वर मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे सर सीएचबीवरचे (तासावर पैसे मिळणारे, परमनंट नाही), ते दिवाळीनंतर यायचेच बंद झाले, म्हणजे आम्ही ३०० रुपये घेऊन फसवलं.

जपानीची चूक आमची, मान्य. विद्यापीठात जपानी आहे हे खरंय, पण ते रानडे इन्स्टिट्यूटला, फर्ग्युसन रोडवर, परकीय भाषा विभागात. तुमच्या लेकीची अ‍ॅडमिशन विद्यापीठात नाही, विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजात आहे, आणि हा फरक आमच्या पुतण्याने सांगायला हवा होता. गणेशखिंडीच्या कॅम्पसवर काय नाही हो, संरक्षणशास्त्र आहे, मानववंशशास्त्र आहे, पाली आहे, ललित कला केंद्रात नाटक-संगीत आहे, पण तिथे मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. चालतं. आणि लोक आयुका, ती खगोलशास्त्राची संस्था, तीपण त्यातच धरतात, ती आत असली तरी वेगळी संस्था आहे, दर जूनला हे दहा जणांना तरी सांगावं लागतं.

आता कॉलेजात काय होतं बघा. २०२४-२५ पासून नवीन पॅटर्न आला, मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा आवडीचा, त्यात यादी मोठी दिसते. विद्यापीठाचं अभ्यास मंडळ सिलॅबस बनवतं, पण विषय सुरू करायचा की नाही ते कॉलेज बघतं, पुरेशी पोरं नाही आली किंवा शिकवणारा माणूस नाही मिळाला की विषय बंद आणि पोरांना जिथे जागा असेल तिथे टाकतात. म्हणजे यादीत छापलंय म्हणून वर्गात मिळेलच असं नाही. आम्ही यादी बघूनच 'हो मिळेल' म्हणालो, तिथेच माती खाल्ली. या वर्षीपासून पुतण्याला सांगितलंय, आधी कॉलेजच्या ऑफिसला फोन कर, मागच्या वर्षी हा विषय चालला होता का आणि कोण शिकवतं ते विचार, मगच फॉर्ममध्ये टाक.

सरांचं मात्र मी अंगावर घेणार नाही. आणि 'सीएचबीवाले म्हणजे काय शिकवणार' असं जे तुम्ही लिहिलंय ना, ते मला पटलं नाही. सीएचबी म्हणजे तासावर पैसे, तास नाही तर पैसे नाही, सुट्टीत काहीच नाही, आणि यातले कितीतरी जण नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालेले, काही पीएच.डी., परमनंट भरती रखडली म्हणून दोन दोन कॉलेजं करतात, सकाळी इकडे दुपारी तिकडे. माझ्याकडे प्रिंट काढायला येतात, बायोडेटाच्या पाच पाच कॉपी. ते सर का गेले मला माहीत नाही, पण दुसरीकडे पूर्ण पगाराचं काही मिळालं तर माणूस जाणारच, मीपण गेलो असतो. लेकीचं नुकसान झालं हे खरंय, पण त्याचा जाब कॉलेजला विचारा, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, चार पालकांच्या सह्या घेऊन, एकट्याच्या अर्जाकडे कोणी बघत नाही. अर्ज टाइप करून देतो, पैसे नकोत.

बाकी ३०० रुपये, ते परत घेऊन जा, त्यावर वाद नाही.

आणि जपानी शिकायचंच असेल तर बी.कॉम. सोडायची काही गरज नाही, रानडेला पार्टटाइम सर्टिफिकेट कोर्स असतो, त्याचा फॉर्म वेगळा. लेकीला बारावीचं मार्कशीट आणि फोटो घेऊन पाठवा, सकाळी अकराच्या आत, नंतर इथे गर्दी असते. रविवारी बंद. यावेळी काउंटरवर मी असेन.