माफी कसली मागता?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. आधीच सांगून ठेवते.

रेस्टॉरंटमध्ये शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी स्टेक परत पाठवला. कारण काय, तर कडेची चरबी पिवळी होती. "शिळं दिसतंय हे." वेटरने "सॉरी सर" म्हणत ताट उचललं आणि आत नेलं. मेन्यूत त्याच पदार्थापुढे ठळक अक्षरात 'ग्रास-फेड बीफ' लिहिलेलं, शेजारी हिरवं पान काढलेलं. पैसे अर्थातच त्या पानाचेसुद्धा लावलेले.

अहो, जन्मभर गवत खाल्लेल्या जनावराची चरबी पिवळसर नाही तर कशी असणार? हिरव्या चाऱ्यात बीटा-कॅरोटीन असतं, गाजरात असतं तेच, आणि ते चरबीत साठतं. मक्यावर पोसलेल्या जनावराची चरबी पांढरी पडते. जात आणि वय यांनीही रंगात फरक पडतो, ठीक आहे. पण ज्या गोष्टीसाठी या माणसाने जास्त पैसे मोजले, तिची डोळ्यांना दिसणारी एकुलती एक खूण ताटात होती. नेमकी तीच बघून ताट परत!

त्या गृहस्थांवर माझा तेवढा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. राग आहे तो "सॉरी सर"वर. माफी कसली? दोन वाक्यं बोलला असता तर ते जेवले असते.

मग मी त्याच वेटरला विचारलं, "हे जनावर शेवटपर्यंत गवतावर होतं, की शेवटी दाण्यावर घातलं होतं?" तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅम, ग्रास-फेडच आहे." चेहरा इतका घाबरलेला की मला पुढे विचारवेना. विशीतलं पोरगं. त्याला ताटं उचलायला शिकवलंय, ताटात काय आहे ते नाही. ही चूक त्याची नव्हेच.

पण माझा प्रश्न काही नखऱ्याचा नव्हता. लहानपणी दूध आणि मग गवत हे जवळपास प्रत्येक वासराच्या वाट्याला येतं. खरी मेख शेवटच्या काही महिन्यांत असते. तेव्हा त्याला फीडलॉटमध्ये, म्हणजे दाणा चारून जाड करायच्या आवारात, कोंडून मका चारला की मांसात चरबीच्या बारीक रेषा भरतात आणि वजन झपाट्याने चढतं. अमेरिकेत कृषी खात्याच्या विपणन विभागाने ग्रास-फेडसाठी आखलेलं मानक जानेवारी २०१६ मध्ये चक्क मागे घेतलं. तिकडे उरुग्वेत २००६ पासून प्रत्येक गुराच्या कानाला बिल्ला सक्तीचा आहे आणि ते कुठून कुठे गेलं याची नोंद असते. म्हणजे मनात असलं की माहिती ठेवता येते. या लोकांना फक्त पान काढता येतं.

हो, पर्यावरणवाल्यांचा मुद्दा माहीत आहे. गवतावरचं जनावर सावकाश वाढतं, जास्त महिने जगतं, त्यामुळे किलोमागे मिथेन बऱ्याचदा जास्तच निघतो. मान्य. आणि ते ओमेगा-३चं कौतुकही पुरे झालं. दाण्यावरच्या मांसापेक्षा जास्त असतं खरं, पण माशांच्या पासंगालाही पुरत नाही. मी ते औषध म्हणून खात नाही, चवीसाठी खाते.

आणि चवीचं यांनी काय केलं? माझ्या ताटात लोण्याचं तळं! गवतावरच्या मांसात मुळात चरबी कमी, त्यामुळे ते लवकर शिजतं. आच जरा आवरायची, थोडं आधीच उतरवायचं, कापण्याआधी काही मिनिटं तसंच राहू द्यायचं. एवढं केलं की त्याला स्वतःची चव आहे, जराशी रानवट, बराच वेळ तोंडात रेंगाळणारी. ती नको असेल तर सरळ दाण्यावरचं आणा, कुणी अडवलंय? पण ग्रास-फेड म्हणून विकायचं, दाण्यावरच्यासारखं भाजायचं, वातड झालं की लोण्यात बुडवायचं, आणि रंग दिसला तर माफी मागायची!

राहून राहून ते उचललेलं ताटच आठवतंय. आपल्याला पचत नाही असलं गवत पोटातल्या जंतूंकडून पचवून घेत, रवंथ करत ते जनावर दोनेक वर्षं जगलं असेल. ते मेलं आपल्यासाठी. आपण सगळे खाणारे आहोत, त्यामुळे इथे साळसूदपणा करणार नाही. पण खाण्यासाठी मारलेलं जनावर रंग आवडला नाही म्हणून कचऱ्यात जावं, हे आपल्यापैकी कुणाला पटेल? मला तरी घशाखाली उतरलं नाही.

तर हॉटेलवाले मित्र यादीत आहेत, त्यांना विचारते: तुमच्याकडे वाढणाऱ्या पोरांनी हे मांस एकदा तरी चाखलंय का? नसेल, तर उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी एक तुकडा भाजा, कडेच्या पिवळ्या चरबीसकट, आणि आधी त्यांना खायला द्या.