जाड तार म्हणजे जाड आवाज? बासवाल्यांच्या एका मेसेजला उत्तर

गेले काही महिने बास गिटार वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "बासच्या तारा घेताना हे पाच नियम पाळा" अशी सुरुवात, आणि मग नियम. तार जितकी जाड तितका बास भारी, त्यामुळे ई ची, म्हणजे सर्वांत जाड, तार 105 च्या (इंचाचा हजारावा भाग हे माप) खाली घेऊ नका. फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा जुन्या जॅझवाल्यांच्या, त्यांवर रॉक किंवा मेटल वाजत नाही. स्टेनलेस स्टील सर्वांत चांगलं, निकेल नवशिक्यांसाठी. तारा मेल्या, म्हणजे आवाज बोथट झाला, तर उकळा, पुन्हा नव्या होतात. आणि चारही तारा एकदम काढू नका, नेक (बासची दांडी) वाकते.

मला हा मेसेज चार जणांनी पाठवला. चौथा आमच्याच ऑर्केस्ट्रातला पोरगा. त्याने तो वाचून 105 चा सेट आणला, बसवला आणि पहिल्यांदाच सुरात लावताना ई ची तार खुंटीपाशी तुटली. अडीच हजार रुपये गेले. नाहीतर फॉरवर्डला उत्तर लिहायला मला कुठला वेळ.

तर आधी ती तुटलेली तार. पोराचा बास शॉर्ट स्केल आहे, म्हणजे नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांचं खालचं टेकण) 30 इंच. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बास काढला तो 34 इंची, आणि दुकानात मिळणारे बहुतेक सेट आजही त्याच मापाचे असतात. पोराने तसाच सेट आणला. अशा तारेचा वेढ्यांचा जाड भाग छोट्या बासवर नटच्या पलीकडे जातो आणि थेट खुंटीवर गुंडाळला जातो. खुंटीवर खरं तर निमुळता किंवा रेशमी दोरा गुंडाळलेला भाग यायला हवा. जाड भाग एवढ्याशा खुंटीभोवती वळवला की आतला गाभा तिथेच दमतो. पाकिटावर 'शॉर्ट स्केल' लिहिलंय का हे बघण्याचं काम होतं, आणि पाच नियमांत त्याचा उल्लेखही नाही.

पण समजा तुटली नसती. तरी त्याला हवा होता तो दणका मिळाला असता का? तार किती ताणली जाते हे तिचं वजन, तिची लांबी आणि तिचा सूर यांवर ठरतं. सूर तर बांधलेलाच आहे. खालचा ई म्हणजे 41.2 हर्ट्झ, मग तार 95 ची लावा नाहीतर 110 ची. लांबी कमी झाली की त्याच सुरासाठी लागणारा ताण वर्गाच्या हिशेबाने उतरतो. 34 चे 30 इंच केले की तोच सेट साधारण 22 टक्क्यांनी सैल पडतो. म्हणजे 30 इंची बासवरची 105 ची तार हाताला लागते 34 इंचीवरच्या 93 सारखी. मेसेज लिहिणाऱ्याच्या लेखी ही बारीक तार झाली!

सूर उतरवला तरी हेच. 34 इंची बासवर ई ची तार डी ला आणली की ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो. 100 च्या तारेचा जो कस ई ला होता तोच डी ला हवा असेल तर गणिताने 112 च्या आसपासची तार लागते. असं ट्युनिंग वाजवणाऱ्याने जाड तार घ्यावीच. पण कायम ई लाच वाजवणाऱ्याने, तेही बोटांनी हलकं वाजवणाऱ्याने, 105 चा हट्ट का धरावा?

मिरजेत तानपुऱ्याच्या तारा मागायला जा. गाणार कोण, पट्टी कोणती, हे विचारल्याशिवाय जाणता कारागीर तारेला हात लावत नाही. बासच्या बाबतीत मात्र आकडा आधी आणि प्रश्न नंतर, किंवा प्रश्न नाहीच.

या नियमात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. जाड तारेत धातू जास्त, त्यामुळे पिकअपला (तारांखालच्या चुंबकाला) थोडा जास्त सिग्नल मिळतो, आणि जोरात छेडली तरी ती फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) कमी खडखडते. पण जाड तार ताठरही असते. ताठर तारेचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर, जिथे असायला हवेत तिथून किंचित वर सरकतात. म्हणूनच जाड ई वर बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवलं की सूर ठोंब्यासारखा येतो आणि ट्यूनर बरोबर दाखवत असला तरी कान कुरकुरतो. शिवाय 95 वरून 105 वर गेलात तर नटची खाच रुंद करावी लागू शकते, ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) फिरवावा लागतो, इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरचा सूर, पुन्हा लावावं लागतं. हा खर्च मेसेजमध्ये धरलेला नाही.

फ्लॅटवाउंडबद्दलचा नियम एका माणसाने निकालात निघतो: आयर्न मेडन या मेटल बँडचा बासवाला स्टीव्ह हॅरिस. त्याच्या नावाचा रोटोसाउंड या तारांच्या कंपनीचा सेट फ्लॅटवाउंड आहे, आणि मेडनला मेटल म्हणायचं नसेल तर मग कशाला म्हणायचं? दुसरं टोक म्हणजे मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीचा बासवाला जेम्स जेमर्सन. 1962 च्या प्रिसिजनवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, 52 ते 110, आणि त्या तो सहसा बदलायचाच नाही. तारांचा प्रकार तोच, तरी हॅरिसचा बास गिटारांना कापत पुढे येतो आणि जेमर्सनचा गाण्याच्या पोटात बसतो. तारेचं वय, हात, ॲम्प, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. इलेक्ट्रिक बास आला तेव्हा त्यावर तारा फ्लॅटवाउंडच असत. रोटोसाउंडच्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा गाजल्या त्या 1966 पासून, द हू या रॉक बँडच्या बासवाल्या जॉन एंटविसलच्या आग्रहातून. त्यामुळे 'जुन्या' हे विशेषण खरं आहे, पुढचं नाही. आणि फ्लॅटवाउंड म्हणजे दोरखंडासारखी ताठ, हाही समज सोडा. व्हिएन्नाच्या थोमास्तिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट्स हाताला इतक्या मऊ लागतात की राउंडवाउंडवरून येणारा माणूस पहिले दोन दिवस चाचपडतो.

स्टील की निकेल यावर मी फार वेळ घालवत नाही. स्टेनलेसचा आवाज जास्त चकचकीत, वेढे हाताला खरखरीत, आणि फ्रेट थोडे लवकर झिजवणारे. निकेलचा मुलामा दिलेल्या तारा थोड्या नरम. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी स्टेनलेस घ्यावं. बाकी आवडीचा प्रश्न. फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बासवर, मात्र कुठल्याही राउंडवाउंड तारा लाकूड खातात. फ्रेटलेस वाजवणाऱ्या जॅको पास्टोरियसने त्या लावल्या खऱ्या, पण फिंगरबोर्डला बोटींना लावतात तो इपॉक्सी फासून.

आता उकळणं. हे मी स्वतः केलंय, आईच्या भाताच्या पातेल्यात, आणि आईला ते अजून आठवतं. तारांच्या टोकांचा जांभळा रेशमी दोरा सुटून पाण्यात तरंगत होता. तारा पुसून चढवल्या तर खरंच झगझगीत वाजल्या. शुक्रवारी उकळल्या, पुढच्या बुधवारी पुन्हा मेल्या.

कारण साधं आहे. राउंडवाउंड तार मरते ती दोन गोष्टींनी. घाम, त्वचेचा कोंडा, धूळ वेढ्यांमध्ये बसते आणि वरचे स्वरांश दाबून टाकते. आणि तार वर्षभर त्याच फ्रेटांवर आपटून खालून चेपते, म्हणजे तिचं वजन लांबीभर सारखं राहत नाही, मग ती नीट सुरातही लागत नाही. उकळून पहिला मळ निघतो. चेपलेला वेढा सरळ होत नाही. वर वेढ्यांच्या आत पाणी अडकतं, आणि मुंबईच्या किंवा कोकणातल्या जुलैत ते लवकर वाळत नाही, गंज चढतो. अगदीच करायचं असेल तर तारा रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, ते उडून जातं. स्टोव्हपासून लांब. फ्लॅटवाउंडला यातलं काहीच करू नका. तिच्या सपाट पट्टीत मळ शिरायला जागा कमी, आणि ती घेणाऱ्याला बहुतेक वेळा तो दबका आवाजच हवा असतो.

शेवटचा नियम. चार तारांचा मिळून ताण ढोबळ पावणेदोनशे पौंड असतो. तो एकदम काढला की ट्रस रॉड नेकला किंचित मागे ओढतो, आणि तारा चढवल्या की एखाद्या दिवसात नेक जागेवर येते. फिंगरबोर्ड पुसायचा, फ्रेट घासायचे तर कारागीर चारही तारा काढतोच. फक्त हॉफनर 500/1 सारखा बास असेल, पॉल मॅकार्टनीच्या हातातला, तर त्याचा ब्रिज तारांच्या दाबानेच जागेवर उभा असतो. तारा काढल्या की तो निखळून हातात येतो. अशा बासवर एकेक तार बदला, किंवा आधी ब्रिजच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून खूण करा. नेकचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पोराला मी माझ्याकडचा शॉर्ट स्केल निकेलचा सेट दिला, 45 ते 105. हो, 105. त्याच्या 30 इंचांवर तो आकडा बरोबर बसतो. तुटलेल्या सेटमधल्या उरलेल्या तीन तारा त्याने पातेल्यात टाकू नयेत म्हणून मी ठेवून घेतल्या आहेत.