देवा आधी की मागून?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात शाळांच्या लॅबसाठी डेबियन या फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर बेतलेली सिस्टीम तयार होते. दर रिलीजआधी, म्हणजे नवी आवृत्ती सोडण्याआधी, एक यादी करावी लागते: कुठलं पॅकेज (सॉफ्टवेअरचं गाठोडं) बिघडलं तर रिलीज थांबवायचं? लग्नात कुणाचा मान मोठा हे ठरवण्यापेक्षा हे काम अवघड. लग्नातले रुसवे निदान पंगतीपर्यंत निवळतात.

नियम तसा सोपा. मशीन सुरू व्हावं, लॉगिन व्हावं, नेट लागावं, पुढचा अपडेट बसावा. एवढ्यासाठी लागेल ते क्रिटिकल, बाकी सगळं वऱ्हाड.

पण नियमाला विचारतो कोण! निपाणीच्या साहेबांना पत्त्यांचा खेळ क्रिटिकल. "मास्तर लोकांनी मशीन उघडायला नको काय ओ?" हिशेबाच्या बाई कॅल्क्युलेटरवर अडून बसलेल्या. एक्सझेडचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. फायली दाबून लहान करणारं ते बापडं पॅकेज. मार्च २०२४ मध्ये त्यातच चोरवाट निघाली, तीही एसएसएचनं, म्हणजे दुरून, मशीनमध्ये लॉगिन करायला अर्धा सेकंद जादा का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर खोदत बसला, तेव्हा. आमच्याकडं अर्धा तास उशीर झाला तरी "येतंय की" म्हणतात.

पेनड्राइव्हवर जागा पुरेना, तेव्हा यादीत नसलेले फॉन्ट मी काढून टाकले. मशीन उठलं, लॉगिन झालं, नेट, अपडेट, सगळं बिनबोभाट. मिठाई म्हणून कुंदा वाटला. तिसऱ्या दिवशी खानापूरकडच्या एका शाळेतून हेडमास्तरांचा फोन.

"सर, पडद्यावर नुसते चौकोन."

"मराठी दिसत नाही होय?"

"मराठीबी नाही, कन्नडबी नाही. दोन्हीकडं सारखेच डबे."

सीमाभागात दोन्ही भाषांना इतकं सारखं वागवणारं ते पहिलंच यंत्र असावं.

फॉन्ट मुकाट्यानं यादीत आले. डेबियनमध्ये देवनागरीच्या पॅकेजचं नाव 'फॉन्ट्स-देवा', कन्नडचं 'फॉन्ट्स-केएनडीए'. छापील यादी गोकाकच्या आमच्या सहकाऱ्यानं हातात घेतली, 'देवा'वर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मी नाही लावलं वर. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं आलंय. डी आधी, के मागून."

"होय की," तो कुंद्याचा शेवटचा तुकडा उचलत म्हणाला, "तुमचं नेहमी क्रमानंच येतंय ओ."