'निष्काळजीपणा' हा शब्द मागे घेते, बाकीचं नाही

नमस्कार डॉक्टर. मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी मणक्यातून गळत होतं, त्यामुळे झालेल्या माझ्या डोकेदुखीवरच्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत, त्यातलं एक आधीच कबूल करते. पहिल्या एमआरआयचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला, त्याला मी निष्काळजीपणा म्हटलं. ते रागाच्या भरात होतं.

पण "गळती मणक्यात, मग फोटो डोक्याचा कशाला?" हे काही पटलं नाही. गळती खाली असली तरी तिचा पुरावा वर सापडतो. कवटी काही आक्रसत नाही. आतलं पाणी घटलं की ती जागा भरायला शिरा रक्तानं फुगतात, मेंदूवरचं जाड आवरणही रक्तानं भरतं आणि कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून टोचतात ते औषध) दिल्यावर सगळीकडून सारखं उजळतं. माझ्या दुसऱ्या फिल्ममध्ये मेंदूभोवती कुणी खडूनं कड काढावी तशी पांढरी रेघ होती. त्यात मेंदूही खाली उतरलेला. एरवी पाण्यात तरंगतो म्हणून १४०० ग्रॅमचा मेंदू जेमतेम ५० ग्रॅमचा भासतो. तो आधार गेल्यावर काय होतं, ते मला ओट्यापाशी पोळ्या लाटताना कळायचं. तिसऱ्या पोळीला डोकं फुटायला यायचं, आडवी झाले की पंधरा मिनिटांत माणसात.

आता कॉन्ट्रास्ट. प्रत्येक डोकेदुखीला टोचू नये, त्यातल्या गॅडोलिनियम या धातूचा अंश शरीरात राहू शकतो, मान्य. पण माझ्या बाबतीत पहिली चूक सुईआधीच झाली होती. चिठ्ठीवर फक्त 'डोकेदुखी, ३ आठवडे' एवढंच होतं. उभं राहिलं की वाढते, झोपलं की थांबते, हे कुणी विचारलं नाही आणि (हे लेखात लपवलं होतं) मीही सांगितलं नाही. मला वाटलं, झोपल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तीच जुनी, बिनकॉन्ट्रास्टची फिल्म काढून उभ्या छेदात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या वरची मोकळी जागा मोजली. ३ मिलिमीटर. मेंदूच्या एमआरआयवरून गळतीची शक्यता मोजणारी एक गुणपद्धत स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी २०१९मध्ये मांडली, तिच्यात ही जागा ४ किंवा त्याहून कमी असेल तर २ गुण मिळतात. काय शोधायचं ते ठाऊक असल्यावर कुणालाही दिसेल, असं तुम्ही म्हणाल. माझंही म्हणणं तेच आहे.

तुमच्यामुळे एक दुरुस्ती मात्र करते. अशी गळती असलेल्या साधारण पाचातल्या एका रुग्णाचा मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊनही नॉर्मल येतो. माझा लेख वाचून कुणी "नॉर्मल आला, सुटलो" म्हणत असेल तर ते चूक आहे.

आणि हो, ब्लड पॅच 'जादूटोणा' नाही. गळती बुजवायला माझंच २० मिली रक्त दंडातून काढून पाठीत सोडलं. दुसऱ्यांदा केल्यावर गुण आला.

आज रात्री 'निष्काळजीपणा' खोडते आणि तिथे चिठ्ठीवरची ती ओळ जशीच्या तशी टाकते.