शिकागो वर उचललं, पण सगळं नाही

अमेरिकेतल्या औद्योगिक काळातल्या शहरांचा विषय निघाला की गप्पा थेट गगनचुंबी इमारतींवर जातात. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, १८८५ साल, दहा मजले, धातूचा सांगाडा. मला विचाराल तर शिकागोची गोष्ट गटारांपासून सांगायला हवी. शहराने आपली घाण कुठून काढली आणि कुणाच्या दारात नेऊन टाकली, यावरून ते कुणासाठी वाढलं हे कळतं.

१८४० मध्ये तिथे जेमतेम साडेचार हजार वस्ती होती. १८९० मध्ये जवळजवळ अकरा लाख! १८४८ साली इलिनॉय-मिशिगन कालवा खुला झाला, त्याच वर्षी पहिली रेल्वे धावली. मग गहू, मका, लाकूड, डुकरं, गुरं, सगळा माल शिकागोमार्गेच पुढे जाऊ लागला. कामाला माणसं आली आयर्लंड, जर्मनी, पोलंड, बोहेमियातून. १८९० च्या सुमारास शहरातल्या दर चारांपैकी तिघं परदेशात जन्मलेली, नाहीतर तशा आईबापांची मुलं होती.

आणि या गर्दीखालची जमीन कशी? सपाट, शेजारच्या मिशिगन सरोवराच्या पाण्यापेक्षा काही फूटच वर. सांडपाण्याला उतारच नाही. १८५४ च्या पटकीत हजाराहून जास्त माणसं दगावली. तेव्हा कुठे बॉस्टनहून एलिस चेसब्रो या इंजिनिअरला बोलावलं. खाली खणून उतार मिळेना, म्हणून त्याने गटारं जमिनीच्या पातळीवरच टाकली, वरून भराव घातला आणि रस्तेच उंच केले. आता इमारती खड्ड्यात गेल्या. मग इमारतीही उचलल्या! १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची दगडविटांची ३२० फूट लांबीची सलग रांग सहाशे माणसांनी सहा हजार स्क्रू-जॅक फिरवून पाच दिवसांत चार फूट आठ इंच वर घेतली. आतली दुकानं तेव्हाही चालू होती. हे वाचताना मी आजही थक्क होतो.

पण इमारत उचलायचा खर्च मालकाने करायचा. रस्ता फरसबंद करायचे पैसेही बहुतेक वेळा लगतच्या जागामालकांकडूनच घेतले जात. ज्यांच्याकडे होते ते वर आले. पिल्सन या जुन्या कामगारवस्तीत अजूनही अशी घरं उभी आहेत, ज्यांचं अंगण फुटपाथच्या काही फूट खाली आहे. रस्ता वर गेला, घर होतं तिथेच राहिलं. ‘विकासाची किंमत मोजावीच लागते’ असं आपण फार सहज बोलतो. ती कुणाच्या खिशातून गेली हे या अंगणांत उभं राहिलं की दिसतं.

१८६५ च्या नाताळच्या दिवशी युनियन स्टॉक यार्ड्स हा गुराढोरांचा मोठा बाजार सुरू झाला. तिथल्या कत्तलखान्यांचं रक्त आणि आतडी शिकागो नदीच्या एका फाट्यात जात. कुजून इतका वायू सुटायचा की पाण्यावर बुडबुडे यायचे, त्यावरून फाट्याचं नावच ‘बबली क्रीक’ पडलं. १८९३ मध्ये जगभरचे पाहुणे विजेच्या दिव्यांनी उजळलेलं जागतिक प्रदर्शन बघायला आले, सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. त्याच शहरात, काही मैलांवर, कामगारांची मुलं या फाट्याच्या काठी वाढत होती.

गटारांचं पाणी नदीत, नदी सरोवरात, आणि प्यायचं पाणी त्याच सरोवरातून. त्यावर उपाय म्हणून अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून १९०० च्या जानेवारीत नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण आता मिसिसिपीच्या दिशेने, म्हणजे मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसकडे निघाली. मिसुरी राज्य कोर्टात गेलं, १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. शिकागोकरांचं पाणी सुधारलं, हे चांगलंच झालं. पण दुखणं खालच्या गावावर ढकललं, हेही मान्य करायला हवं.

माझ्या लेखी या शहराची खरी नायिका समाजसेविका जेन ॲडम्स. १८८९ मध्ये तिने आणि एलन गेट्स स्टारने स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाऊस हे तिथेच राहून लोकांना मदत करणारं केंद्र सुरू केलं. तिथले रस्ते कचऱ्याने भरलेले, आणि कचऱ्याचं कंत्राट राजकारण्यांच्या माणसांकडे. १८९५ मध्ये तिने सरळ त्या कंत्राटासाठीच निविदा भरली! ती तांत्रिक कारणाने फेटाळली गेली, पण महापौरांनी तिला त्याच भागाची, एकोणिसाव्या वॉर्डाची, कचरा निरीक्षक नेमलं. ही शिकलेली, सुखवस्तू घरातली बाई सकाळी सहाला घराबाहेर पडून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे जायची. एका गल्लीत अठरा इंच घाण उपसल्यावर खाली पक्का रस्ता सापडला. तिथे रस्ता आहे हे राहणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. मृत्युदरात तिसरा असलेला हा वॉर्ड पुढे सातव्या क्रमांकावर गेला.

नंतर नगरसेवकांनी काय केलं? ते पद रस्ते अधीक्षकाच्या पदात विलीन केलं, आणि त्याची परीक्षा फक्त पुरुषांना देता येईल असं ठरवलं. हे वाचून मला अजूनही संताप येतो.