पिन बसली म्हणजे झालं?

"पिन बसतेय ना? मग चालेल की!" लॅपटॉपचा चार्जर शोधताना हे वाक्य तिसऱ्या दुकानात ऐकलं आणि डोकं फिरलं. अहो, पिन बसणं वेगळं आणि चार्जर चालणं वेगळं! माझ्या लॅपटॉपला १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लागतात, म्हणजे ६५ वॉट. हातात ठेवतात ४५ वॉटचा. मग बॅटरी चार्ज होत नाही, प्रोसेसर स्वतःचा वेग पाडतो आणि साधी एक्सेल फाइल उघडता उघडत नाही. त्यात पिनच्या मधोमध ती नाजूक सुई. चार्जर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यातूनच कळतं. ती वाकली, किंवा नकली चार्जरमध्ये आतली चिपच नसली, की आलीच पडद्यावर सूचना: अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही.

अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, लॅपटॉप लागतील तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र जुळायलाच हवेत. हे सगळं लेबलवर छापलेलं असतं हो! विकणाऱ्याने एकदा वाचायला काय हरकत आहे? मूळ चार्जर महाग, मान्य. पण हा स्वस्तातला काल रात्री इतका तापला की हात लावता येईना, आणि शेजारीच माझी मुलगी झोपली होती.